आधी आउट काढा, मग कार्बनचं बोला

पावसाळा सरला की आमच्या साताऱ्यातल्या दुकानात चाकांचा हंगाम लागतो. चार महिने चिखलात घातलेल्या सायकली बाहेर येतात, कुणाची रिम झिजलेली, कुणाच्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, छर्रे वाळूसारखे करकरताना ऐकू येतात. मग 'आता नवीन चाकंच टाकू' असं मनात येतं. यंदा पत्रंही तशीच आली आहेत. आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा. आणि पुढे मी तारा म्हणेन त्या, ज्यांना हल्ली सगळे स्पोक म्हणतात त्याच. माझ्या तोंडी तारच बसली आहे, वडिलांकडून आलेला शब्द आहे, सुटत नाही.

प्रश्न : माझी अॅल्युमिनियमची रोड बाइक आहे, डिस्क ब्रेकवाली. कंपनीकडून आलेली चाकं 1950 ग्रॅमची आहेत. 50 मिलिमीटर उंचीच्या कार्बन रिमची, 1500 ग्रॅमची जोडी मला 80 हजारांत मिळते आहे. मी, सायकल आणि बाटल्या मिळून 88 किलो भरतो. सिंहगडाचा घाट चढायला मला 55 मिनिटं लागतात. नव्या चाकांनी किती वेळ वाचेल? – वाचक, पुणे

उत्तर : सतरा सेकंद.

थट्टा करत नाही. चढावर तुमची बहुतेक ताकद वजन वर उचलण्यात जाते. 88 किलोतले 450 ग्रॅम कमी झाले म्हणजे अर्धा टक्का. 55 मिनिटांचा अर्धा टक्का काढा, सतराच्या आसपासच येतो. 'चाकाचं वजन दुप्पट धरायचं असतं' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणार. ते खरं आहे, पण वेग वाढवतानापुरतं. रिममधला ग्रॅम पुढेही जातो आणि गोलही फिरतो, म्हणून त्याला वेग द्यायला जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. घाटात मात्र तुम्ही एका लयीत, ताशी दहा-बाराने चढता. तिथे रिममधला ग्रॅम आणि बाटलीतल्या पाण्याचा ग्रॅम सारखाच. अर्धा लिटर पाणी पायथ्याशी पिऊन टाकलंत तरी चढाच्या हिशेबात तेच सेकंद हाती लागतात.

उंच रिमचा फायदा वाऱ्याशी झगडताना होतो. सपाट रस्त्यावर ताशी 35 ने तासभर जाणाऱ्याला तो कळतो. तुम्ही शनिवारी पहाटे गटाने सपाटीवर पळत असाल, ट्रायथलॉन करत असाल, तर विचार जरूर करा. घाटात त्या उंचीचा उपयोग नाही, आणि आडवा वारा आला तर उपद्रवच. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे 50 चं पुढचं चाक घेऊन गेलेला एक दणकट गडी दोन्ही हातांनी हँडल आवळून, ओठ चावत परत आलेला मी पाहिलाय. हौस असेलच तर पुढे 35 च्या आसपासची रिम घ्या, मागे उंच चालेल. मागचं चाक वाऱ्याने तेवढं भरकटत नाही.

80 हजारांतले आधी आठ-दहा हजार टायरांवर घाला. सायकलीसोबत येणारे जाड, रबराने ठासलेले टायर आणि चांगल्या प्रतीचे लवचीक टायर यांत एका जोडीमागे दहा वॅटच्या वर फरक पडू शकतो. तोही पहिल्या किलोमीटरपासून, सपाटीवर आणि चढावरही. 25 मिलिमीटर रुंदीचे असतील तर फ्रेममध्ये बसत असल्यास 28 चे टाका. हवा 100 मारायची सवय सोडा. पुण्याच्या रस्त्यांवर 100 पीएसआय म्हणजे प्रत्येक खड्ड्याची खबर थेट दातांना.

हवेवरून आठवलं. तुम्ही सांगता ती जोडी हुकलेस आहे का, ते बघून घ्या. टायरची कड अडकवायला रिमच्या आतल्या अंगाला जो ओठ असतो, तो अशा रिमला नसतो. तिथे हवेची कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआय, आणि टायरही हुकलेसला चालतो असं कंपनीने म्हटलेलाच हवा. अशा रिमवर जुन्या सवयीने 100 मारली तर टायर रिमवरून उडू शकतो. तो कुठे उडेल हे आपल्या हातात नसतं.

आणि ऑर्डर देण्याआधी आपली सायकल उलटी करून चार गोष्टी लिहून काढा. अॅक्सल आरपार स्क्रूने बसतो की क्विक रिलीज? मागच्या हबचं माप 142 मिलिमीटर की 135? डिस्कची तबकडी सहा बोल्टांची की सेंटरलॉक? कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, हबच्या कोणत्या बॉडीवर बसते? मागे एक जण अशीच झकपक जोडी खोक्यातून घेऊन आला. कॅसेट शिमानोची अकरा गिअरची, आणि हबवर बॉडी निघाली स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या एक्सडीआरची. दोन्हींचे खाचे जन्मात जुळणार नाहीत. नवी बॉडी येईपर्यंत चाकं तीन आठवडे माझ्या भिंतीवर टांगलेली होती आणि हा बिचारा दर रविवारी येऊन त्यांना बघून जायचा.

एवढं सांगूनही घ्यावीशी वाटली तर घ्या. चाकं देखणी आहेत, डिस्क ब्रेक असल्याने उतारावर कार्बन तापायची भीती नाही, आणि हौसेला मोल नसतं हे मी दुकानदार म्हणून पुरतं जाणतो. सिंहगडाचं कारण मात्र घरी सांगू नका.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 300 किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) कराडच्या अलीकडे मागच्या चाकाची तार तुटली, चाक फ्रेमला घासायला लागलं आणि राइड सोडावी लागली. याच चाकाच्या आधी दोन तारा तुटल्या आहेत. चाक 24 तारांचं, सरळ तारांचं आहे. दुकानात म्हणाले, 'वजन कमी कर.' माझं वजन 64 किलो आहे. मला 600 करायची आहे. कोणतं चाक घेऊ? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुझ्या वजनाबद्दल बोलणाऱ्याच्या हातात तार-पाना न दिलेला बरा. 64 किलोला तार तुटत नसते.

तार का तुटते ते आधी समजून घे. आपल्याला वाटतं, चाक खालच्या तारांवर उभं असतं. तसं नसतं. सगळ्या तारा ताणलेल्या असतात. चाक फिरताना जी तार खाली येते तिचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. 700 च्या, म्हणजे रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या, चाकाचा एक फेरा साधारण 2.1 मीटरचा. म्हणजे 600 किलोमीटरमध्ये एकेक तार 2 लाख 85 हजार वेळा सैल-घट्ट होते. घरात तार तोडायची झाली आणि पक्कड नसली तर आपण काय करतो? वाकवून-वाकवून तोडतो. इथेही तेच होतं. ताण मुळात भरपूर आणि सगळीकडे सारखा असेल तर सैल होऊनही तार ताणलेलीच राहते आणि वर्षानुवर्षं टिकते. ताण कमी असेल तर ती प्रत्येक फेऱ्याला ढिली पडते, हलते आणि एक दिवस हबपाशी टक् करून जाते. मशीनवर भराभर भरलेल्या स्वस्त चाकांत हा दोष फार. मागच्या चाकात तर डावीकडच्या तारा मुळातच सैल असतात, कारण कॅसेटला जागा करून द्यायला रिम उजवीकडे ओढून बसवलेली असते. उजवीकडे 110-120 किलोचा ताण भरला तर डावीकडे त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो.

तीन तुटल्या आहेत, म्हणजे उरलेल्या 21 नीही तेच आयुष्य काढलंय. एकेक बदलत बसू नकोस.

नवीन चाक बांधून घे. बांधून म्हणजे हाताने. मागे 32 तारा, प्रत्येक तार तिघींना ओलांडून जाणारी, वाकणाच्या म्हणजे हबपाशी टोक वाकवलेल्या तारा. सरळ तारा कितीही छान असल्या तरी रात्री दोन वाजता कराडात कुणाकडे मिळणार नाहीत. तारा स्टीलच्या, टोकांना 2 मिलिमीटर आणि मध्ये 1.8 अशा. मध्ये बारीक असल्या म्हणून नाजूक नव्हेत. धक्का बसला की मधला भाग किंचित ताणतो आणि वाकणावरचा भार हलका होतो. निपल, म्हणजे तार रिमला धरून ठेवणारे छोटे नट, पितळेचे घे. अॅल्युमिनियमचे रंगीत निपल दिसतात गोड, पण त्यांचा एक किस्सा माझ्याच नावावर आहे.

2009 ची गोष्ट. स्वतःसाठी चाक भरत होतो. हिशेबाने 294 मिलिमीटरची तार हवी होती, डब्यात 292 ची पडली होती. म्हटलं, दोन मिलिमीटरने काय बिघडतंय, आटे तर धरतायत. वर लाल अॅल्युमिनियमचे निपल. चाक आउट काढून असं झालं होतं की वडिलांनीही मान डोलावली. पुढच्या रविवारी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. चौथ्या-पाचव्या वळणावर टक्. वाटलं, खडा उडाला. मग पुन्हा टक्. उतरून पाहिलं तर दोन तारा शाबूत, पण निपलची डोकी तुटलेली. तुटकी डोकी रिमच्या पोकळीत पडून खुळखुळ्यासारखी वाजत होती. तार निपलच्या डोक्यापर्यंत पोचली पाहिजे, तरच ताण तारेवर येतो. माझी आखूड तार मानेपर्यंतच पोचली होती आणि सगळा ताण त्या मऊ मानेवर. तिसरं डोकं उडाल्यावर सायकल हातात धरून चालत पोलादपूर गाठलं, येताना एसटीच्या टपावर सायकल. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते 292 चं खोकं मात्र माळ्यावर गेलं होतं.

वडिलांकडे स्टँडबिंड काही नव्हतं. ते भाड्याने सायकली द्यायचे. सायकल उलटी ठेवायची, फ्रेमला अंगठा टेकवून खडू रिमच्या जवळ धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथे रिम बाहेर आलेली असेल तिथे पांढरी रेघ उमटते. रेघेच्या बाजूची तार पाव फेरा सैल, समोरची पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरव. शेवटी खडू सगळीकडे सारखा पुसटसा लागला की आउट निघाला. आज माझ्याकडे ताण मोजायचं यंत्र आहे, पण यंत्राच्या आधी मी अजून कानानेच बघतो. एका बाजूच्या तारा एकामागून एक नखाने छेडायच्या. सूर एकच यायला हवा. एखादी भसाडी बोलली की तिथे काम बाकी आहे.

चाक घ्यायला जाशील तेव्हा तूही हेच करून बघ, दुकानदाराला राग आला तर येऊ दे. आणि विचार, 'तारा दाबल्या का?' भरून झाल्यावर शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत घेऊन जीव खाऊन आवळायच्या असतात. पाना फिरवताना तार पिळली गेलेली असते, वाकण हबमध्ये नीट बसलेलं नसतं. आवळलं की टिंग-टिंग आवाज करत सगळ्या आपापल्या जागी बसतात, मग पुन्हा आउट काढायचा. हे न करता दिलेलं चाक पहिल्या 50 किलोमीटरमध्ये तुझ्या खाली टिंग-टिंग करतं आणि वाकडं होतं. तळहाताला वळ उठतात म्हणून बरेच जण टाळतात.

राइडला जाताना डावी-उजवीकडच्या मापाच्या दोन-दोन तारा निपलसकट फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ने. दोन्ही बाजूंच्या लांबीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक असतो, खूण करून ठेव. आणि तुटलीच, तर तुटकी तार शेजारणीला गुंडाळ, लगतच्या दोन तारा अर्धा-अर्धा फेरा सैल कर, ब्रेक मोकळा कर आणि चालू लाग. 32 तारांच्या चाकात एक गेली तरी काम भागतं. 24 मध्ये चाक फ्रेमला घासायला लागतं, ते तू पाहिलंसच. 600 ला 40 तास असतात. त्यातला अर्धा तास तारेला दिलास तरी चालेल.

प्रश्न : मी शिक्षक आहे. साडेसत्तावीस इंची, सात गिअरची, व्ही-ब्रेकची एमटीबी (माउंटन बाइक) रोज शाळेला आणि सुटीत कुंभार्ली घाटात चालवतो. मागचा अॅक्सल वर्षात दोनदा तुटला. हलक्या रिम्स टाकल्या तर फरक पडेल का? – वाचक, चिपळूण

उत्तर : सर, रिमने नाही, हबने पडेल. तुमच्या हबवर गिअरचा आख्खा गठ्ठा आट्यांवर फिरवून बसवलेला असणार, म्हणजे फ्रीव्हील. तिथे उजवीकडचे छर्रे गिअरच्या आतल्या बाजूला राहतात आणि फ्रेमपर्यंतचा तीन-चार सेंटीमीटर अॅक्सल आधाराशिवाय लोंबकळतो. दप्तरं लादलेली सायकल खड्ड्यात आदळली की तो तिथेच वाकतो, मग तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये, शिमानोच्या रचनेत, उजवे छर्रे पार बाहेरच्या टोकाला असतात. लोंबता भाग जवळजवळ उरतच नाही.

तेव्हा 135 मिलिमीटरचा, 32 छिद्रांचा साधा कॅसेट हब घ्या. सात गिअरची कॅसेट आठ-नऊ-दहा गिअरच्या बॉडीवर बसते, फक्त मागे साडेचार मिलिमीटरची रिंग घालावी लागते. शिफ्टर बदलायची गरज नाही. हब बसवण्याआधी फ्रेमचे मागचे दोन कान, जिथे अॅक्सल अडकतो ते, एकमेकांना समांतर आहेत का, तेही तपासून घ्या. दोनदा अॅक्सल तुटला म्हणजे कान वाकलेले असण्याची शंका येते, आणि तसं असेल तर नवा अॅक्सलही फार दिवस काढायचा नाही.

रिम बदलणार असाल तर दुकानात 'व्ही-ब्रेकची' असं ठणकावून सांगा. हल्लीच्या बऱ्याच रिम्स फक्त डिस्कसाठी असतात, त्यांना ब्रेक घासायची भिंतच नसते. आणि बदला असंच मी म्हणेन, कारण तुमच्याकडचा लाल चिखल म्हणजे पॉलिश पेपर आहे. पावसात दर ब्रेकला तो रिम खरवडतो. लोखंडी पट्टी रिमच्या भिंतीवर उभी धरा. मध्ये उजेड दिसला, भिंत खोलगट झाली असेल, तर रिम संपत आली. भिंत मिलिमीटरच्या खाली गेली की एखाद्या दुपारी उन्हात उभ्या सायकलीची रिम हवेच्या दाबानेच फाटते. बॉम्ब फुटल्यासारखा आवाज येतो. नशीब असेल तर तेव्हा तुम्ही वर्गात असता, उतारावर नसता. घरी आलात की चाकावर बादलीभर पाणी मारा आणि ब्रेकच्या रबरात रुतलेली कच टाचणीने उकरून काढा. निपल पितळेचेच, खाऱ्या हवेला अॅल्युमिनियम टिकत नाही.

प्रश्न : आमच्या भागात सराट्यांनी जीव नकोसा केलाय. 29 इंची एमटीबीला एका सकाळी चार पंक्चर झाली. ट्यूबलेससाठी नवीन चाकंच घ्यावी लागतील का? – वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आधी रिमवर 'ट्यूबलेस रेडी' लिहिलंय का बघा. असेल तर फक्त टेप, वॉल्व्ह आणि औषध लागेल. औषध म्हणजे सीलंट, गिऱ्हाईक तेच म्हणतात, मीही म्हणतो. नसेल, तर आतून 25 ते 30 मिलिमीटर रुंद रिमवर चाकं बांधून घ्या. माझ्या मते एमटीबीला करण्याजोगा हा पहिला बदल. वजनाच्या आधी, गिअरच्या आधी.

29 च्या टायरमध्ये 80-100 मिलिलिटर औषध घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, टायर हलवून आत चुळबुळ ऐकू येते का बघत जा. टायर पहिल्यांदा रिमवर चढवताना हातपंप पुरत नाही. वॉल्व्हची सुई काढा, गाडीच्या वॉल्व्हचा अडॅप्टर लावा आणि पेट्रोल पंपावर जा. फट-फट असे दोन आवाज आले की बसला. सराटा घुसला तर उपटा, चाक फिरवा, औषध भोक बुजवतं. बाभळीचा काटा टायरच्या बाजूच्या भिंतीत गेला तर मात्र औषधाचा भरवसा नाही, एक ट्यूब बरोबर असू द्या. आणि ती ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी, जपून, पूर्ण चाचपा. औषधाने महिनोन्महिने गप्प बसवलेले वीसेक सराटे आत टोकं काढून बसलेले असतात. नवी ट्यूब घातली की सगळे एकदम बोलतात.

प्रश्न : दोन सायकली आहेत. मुलाची जुनी 26 इंची एमटीबी, तिला साडेसत्तावीसची चाकं टाकायची आहेत. आणि वडिलांची 28 इंची काळी सायकल, तिला 700 ची हलकी चाकं बसतील का? – वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींना नको. इंचांवर जाऊ नका, टायरच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर मिलिमीटरमध्ये छापलेलं माप वाचा. 26 च्या एमटीबीचं 559, साडेसत्तावीसचं 584. रिमची कड साडेबारा मिलिमीटर वर जाते आणि व्ही-ब्रेकचे रबर तिथे पोचत नाहीत. डिस्क असली तरी टायर फ्रेमला घासतो का ते पाहावं लागेल. त्यापेक्षा 559 मध्येच चांगले टायर घाला, अजून मिळतात.

वडिलांच्या सायकलचं माप 635, 700 चं 622. गंमत म्हणजे 28 इंची म्हणवणारी मोठी आणि 29 इंची म्हणवणारी लहान, कारण 29 चंही 622 च. पण खरी अडचण मापाची नाहीच. काळ्या सायकलचा दांड्याचा ब्रेक रिमला खालून, आतल्या अंगाने वर खेचून घासतो. 700 च्या रिमला तशी बैठकच नाही. रिम गंजली असेल तर त्याच मापाची नवी मिळेल. 28 गुणिले दीडचा टायर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात खुंटीला लटकलेला असतो. हब उघडून छर्रे बदला, मागच्या हबला पाव इंची, दोन्ही बाजूंचे मोजून घ्या. जुने काढताना खाली फडकं अंथरा, नाहीतर अर्धा तास कपाटाखाली जातो.